संथ ठेक्यामागं, परंड्याहून सास्तूरकडं

"तुम्हाला कसलं दुःख आहे हो?" हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की आता विचारणाऱ्याचीच कीव येते. मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. वय एकावन्न, केस पांढरे, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि मी डूम मेटल ऐकते. यातल्या पहिल्या चार गोष्टींबद्दल कुणी काही विचारत नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा सैल करून तिचा सूर खाली उतरवायचा. ठेका इतका संथ ठेवायचा की दोन ठोक्यांच्या मधे माणसाला श्वास घेऊन तो सोडताही यावा. आणि त्यावर किंचाळायचं नाही, गुरगुरायचं नाही, गळा मोकळा सोडून गायचं. हे जुन्या वळणाचं डूम. पुढं त्याला पुष्कळ फाटे फुटले, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण माझा जीव जुन्यातच आहे.

लोक त्याला रडकं म्हणतात आणि माझं डोकं तिथंच फिरतं. माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद अर्जंट असतो. लग्नपत्रिका अर्जंट, बारशाची अर्जंट, दहाव्याची तर त्याहून अर्जंट. रविवारी दुपारी मी कानाला हेडफोन लावते आणि पुढची अकरा मिनिटं कुणालाही कसलीच घाई नसते. एक सूर लागतो, आणि तो विरून जाईपर्यंत त्याच्या पुढं कुणी धावत नाही. एवढा वेळ मला माझ्या सख्ख्या नवऱ्यानं दिलेला नाही, आणि तो माणूस चांगला आहे. मी ते ऐकून रडत नाही. उठून झकास चहा करते.

तर धाराशिव जिल्ह्यात दोन तरुण हे संगीत वाजवतात, असं मला मोबाइलवरच्या एका अंधुक चित्रफितीतून कळलं. जोडीचं नाव 'पाणंद'. समीर गिटार वाजवतो आणि गातो, दत्ता हलगी आणि ढोल. मी ती फीत पुण्यातल्या एका आयोजकाला ऐकवली. तो दरवर्षी अशा संगीताचा दोन दिवसांचा जलसा भरवतो. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची ती लायकी नाही. तो म्हणाला, "रविवारपर्यंत एक स्वच्छ रेकॉर्डिंग आणा, स्टेज देतो. आणि ताई, त्यात भूकंप आला पाहिजे. भूकंपातलं गाव आणि डूम! लोक वेडे होतील." मी त्याच वेळी फोन आपटायला हवा होता. आपटला नाही. त्या दोघांना स्टेज मिळावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून रेकॉर्डर पिशवीत टाकला आणि निघाले.

गुरुवार, परंडा

कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरून परंड्याची एसटी धरली. शेजारच्या बाईंच्या मांडीवर खव्याचा डबा होता आणि तो उन्हात तापू नये म्हणून त्यांनी माझी ओढणी मागून घेतली. परंड्याला पोचेपर्यंत ओढणीला जो वास लागला तो आजही धुऊन गेलेला नाही. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

समीरचं वेल्डिंगचं दुकान बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे. खिडक्यांचे गज, शटर, मोडलेले फाळ. वय अठ्ठावीस, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग. आधी तो मला घरी घेऊन गेला आणि त्याच्या अम्मींनी खिचडी आणि खट्टा पुढं ठेवला. खट्टा म्हणजे चिंच आणि तिळाचं आंबट, पातळ कालवण. आमच्याकडं खिचडी आजाऱ्याला देतात, इथं सकाळच्या पहिल्या जेवणाला. मी दोनदा मागून घेतली.

अम्मींनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमाला बी ह्येच आवडतं? सगळा मोहल्ला म्हनतो, समीरची मशीन बिघडली, दुरुस्त करून घ्या."

"अम्मी, मशीन न्हाय ती, गिटार हाय," समीर म्हणाला.

"बिघडलेलीच हाय पर," अम्मी म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी खट्टा ओतला.

दुकानात परतल्यावर समीरनं शटर अर्धं ओढलं. गिटार जुन्या बाजारातून घेतलेली. ॲम्प्लिफायर त्यानं मंडपवाल्याच्या टाकून दिलेल्या भोंग्याच्या यंत्रातून स्वतः जुळवलेला. त्यानं पहिला सूर छेडला आणि भिंतीवर टांगलेले पाने आणि हातोडे थरथरायला लागले. मग तो थांबला. थांबूनच राहिला. मी मनात चार मोजले, पाच मोजले, आणि तेव्हा कुठं दुसरा सूर आला. हिशेबानं थांबणं आणि धीरानं थांबणं यातला फरक मला कळतो. ह्या मुलाकडं धीर होता. आणि गळा असा, की वरच्या पट्टीत गेला तरी ओरडल्यासारखा वाटत नाही.

"एवढं हळू का वाजवतोस?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"वेल्डिंगला घाई केली की वरून चकचकीत दिसतं ताई, आत सांधा कच्चाच. लोखंड तापायला येळ घेतं, तो द्यावा लागतो. ह्ये बी तसंच."

मग मी कर्तव्य म्हणून भूकंपाचं विचारलं. समीरनं गिटार खाली ठेवली.

"ताई, परंडा कुठं आन् किल्लारी कुठं! जिल्हा बी निराळा. आमी दोघं तवा जन्मलो बी न्हवतो. पुन्या-मुंबईच्या पोरांना कुनी इचारतं का, का वाजवता म्हनून? त्यांना आवडतं म्हनून वाजवतात. आमाला कायतरी झालंच पायजे व्हय?"

तो बरोबर बोलत होता. मला राग आयोजकाचा यायला हवा होता, पण आधी स्वतःचाच आला.

दुकानात रेकॉर्डिंग होईना. शेजारी पिठाची गिरणी. ती सुरू झाली की विजेचा दाब कमी होऊन ॲम्प्लिफायर मान टाकायचा. तीनदा तसं झाल्यावर मी म्हटलं, "मग दत्ताच्या गावी करू. मोकळ्या जागेत हलगीचा आवाज छान येईल."

समीर जरा घुटमळला. "दत्ताला इचारावं लागल. गावात त्यो हळू वाजवत न्हाय. हितं येऊनच वाजवतो."

"का?"

"घरचं कायतरी हाय."

मी पुढं विचारलं नाही. रविवार डोक्यात होता. या प्रवासात माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यातली पहिली ही.

शुक्रवार, जळकोट

दत्ता आणि समीर यांची ओळख आयटीआयच्या वसतिगृहातली. एकाच खोलीत एकच हेडफोन, एकेक कान वाटून घेतलेला. आता दत्ता जळकोटला हमरस्त्यावर पाण्याच्या मोटारी भरून देतो, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतो. हेही घाईनं करायचं काम नाही. सव्वीस वर्षांचा, अंगानं काटक, बोलायला अगदी कमी.

आम्ही त्याच्या दुकानासमोर चहा पीत होतो आणि समोरून वरात आली. ट्रकवर आवाजाच्या भिंती रचलेल्या. चहाचा कप बशीत आपोआप सरकत होता. एक म्हातारे गृहस्थ छातीवर हात ठेवून दुकानाच्या आत निघून गेले. मला छातीत ठोके जाणवत होते आणि ते माझे नव्हते. पाऊण तास ती वरात हलली नाही. हमरस्ता तुंबला, एक रुग्णवाहिका मागं अडकली, आणि कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही. हे शुभ! आणि दोन पोरं अर्धं शटर ओढून संथपणे गिटार वाजवतात, ते अशुभ, ते रडकं, त्यांची मशीन बिघडलेली! मी हे मोठ्यानं बोलले. चहावाल्यानं वरातीच्या आवाजात काही ऐकलं नाही, त्यानं मान डोलवली आणि आणखी एक चहा आणून ठेवला.

वरात गेल्यावर मी दत्ताकडं विषय काढला. त्यानं खूप वेळ हातातली तार सरळ केली.

"गावात नगं, ताई."

मी समजावलं. पुण्याचं स्टेज, रविवारची मुदत, तीन वर्षांची त्यांची धडपड. समीरचे डोळे दत्तावर होते. शेवटी दत्ता म्हणाला, "आन्ना उद्या पावन्यांकडं जावळाला जाणार हायत. सांजच्या एसटीनं येत्याल. चारला करू. पाचच्या आत उरकायचं."

आण्णा म्हणजे त्याचे वडील, बाबुराव. पंचक्रोशीत लग्नाला, जत्रेला त्यांची हलगी लागते. मुलानं गिटारवाल्याबरोबर वाजवलेलं त्यांना चालत नसावं, अशी मी समजूत करून घेतली. शहरातल्या माणसाला खेड्यातल्या बापाबद्दल अशी समजूत करून घ्यायला फार वेळ लागत नाही.

शनिवार, सास्तूरच्या अलीकडं

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सास्तूरच्या अलीकडं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आणि नको इतके रुंद. घरं ठोकळ्यांसारखी, ज्याची जमीन मोठी त्याचं घर मोठं. ज्वारी निघून गेली होती आणि प्रत्येक दारापुढं कडब्याची गंज. गावाच्या कडेला, दत्ताच्या घरामागं, बांधून तशीच सोडून दिलेली एक सरकारी खोली आहे. तिच्या ओट्यावर आम्ही सामान मांडलं.

गाण्याची पहिली दोन मिनिटं नुसती हलगी. हलगी एरवी वाजवण्याआधी शेकोटीवर धरून तापवतात, म्हणजे कातडं ताणून आवाज खणखणीत येतो. दत्तानं तापवली नाही. सैल कातड्याचा खोल, जड आवाज. समीर तारा सैल करतो, हा कातडं सैल ठेवतो. एक ठोका. मग रिकामी जागा. मग दोन ठोके जवळजवळ. पुन्हा रिकामी जागा. त्या सरळ रुंद रस्त्यांवरून तो आवाज कुठंही न अडता गेला. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी खूश होऊन रेकॉर्डरचा काटा बघत राहिले.

दोन मिनिटं झाली, गिटार सुरू झाली, आणि मला रस्त्यावरून एक बाई येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात शेणाची एक गवरी. तिच्यामागं एक म्हातारा, त्याच्याही हातात गवरी. मग दोन माणसं लाकडाचं एकेक ढलपं घेऊन. बघता बघता वीसेक लोक ओट्यापुढं उभे राहिले, प्रत्येकाच्या हातात काहीतरी जळण. कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, ही इथली कुणाचा सत्कार करायची रीत असावी. खरंच तसं वाटलं. हसायचं तर हसा.

पहिल्या बाईनं हळूच मला विचारलं, "कोन गेलं वं?"

तेव्हा दत्ताचा हात थांबला.

त्या गावात मयत झालं की घरटी एक माणूस एक गवरी किंवा लाकूड घेऊन निघतो. निरोपाची वाट बघत नाही. संथ हलगी ऐकू आली की चूल सोडून उठायचं, एवढंच. आणि दत्तानं गाण्याच्या सुरुवातीला घेतलेला ठेका तोच होता.

समीर "गानं हाय, गानं हाय, कुनी गेलं न्हाय" असं सांगत होता, तेवढ्यात, सांजच्या आधीचीच एसटी धरून आलेला एक माणूस थांब्याकडून पळत आला. साठीचा, धोतर वर खोचलेलं, हातात जावळाच्या प्रसादाची पिशवी. आवाज आपल्या घराच्या बाजूनं येतोय हे त्याला लांबूनच कळलं होतं. धापा टाकत तो ओट्याला धरून उभा राहिला आणि ओरडला, "कोन गेलं? आरं, कोन गेलं?"

बाबुरावांनी मुलाकडं बघितलं. मग त्याच्या हातातल्या हलगीकडं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

गर्दीत एक चाळिशीचे, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ होते. त्यांना सगळे नाना म्हणत होते. ते हसून पुढं आले. "बाब्या, लई बरं केलंस. तीस वर्सं नखरा केलास, आता पोरगं तर सुरू झालं. आमच्या चुलत्याचं आज-उद्या हाय. सांगावा धाडतो, लावून दे त्याला."

वीस वर्षांनी मोठ्या माणसाला बाब्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ते तुमच्यापेक्षा वयानं मोठे आहेत. आणि हा मुलगा कुणाचा नोकर नाही, कलाकार आहे. तुम्हाला लाज—"

"तुमी गप बसा, ताई," बाबुराव म्हणाले. आवाज चढवला नाही. मग लोकांकडं वळून हात जोडले. "कुनी गेलेलं न्हाय. पोराची चूक झाली. जावा घरला."

लोक गेले. गवऱ्या परत घेऊन गेले. रेकॉर्डर चालूच होता.

बाबुरावांनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. दत्ताच्या आईनं ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी केली होती. भाजलेल्या डाळींच्या पिठाची ती दाट, झणझणीत आमटी मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली आणि तिची चव मला नीट घेता आली नाही. दत्ता ताटावर खाली मान घालून बसला होता.

"तुमाला ठावं न्हवतं, तुमच्यावर राग न्हाय," बाबुराव मला म्हणाले. "आमच्या घरावर ह्ये काम व्हतं. मयत झालं की मानूस सांगावा घेऊन यायचा. जेवत आसू, आजारी आसू, उठायचं. बदल्यात मूठभर ज्वारी, आन् ती बी लांबून. माझा बाप तापानं फनफनलेला जायचा. मग ती रात आली. भूकंपाची. हजारो मान्सं गेली. कुनाला तिरडी न्हाय, कुनाला हलगी न्हाय. ढिगाऱ्यातली लाकडं घेतली आन् एका येळी धा-धा जनांना आग्नी दिला. मी तितं उभा व्हतो. म्हनलं, एवढी मान्सं हलगीबिगर गेली, कुनाचं काय आडलं? त्या दिसापासून ठेवली. लगनाला वाजवतो, जत्रंला वाजवतो. कुनाच्या सांगाव्यावर मयताला उटत न्हाय. भायेरगावचा मानूस बोलवून काम भागवतेत, पर ह्ये नाना लोक आजून वाट बघतेत."

"मग दत्ता कुठं शिकला?" मी विचारलं.

दत्ता पहिल्यांदा बोलला. "दुसऱ्या गावच्या मयताला जाऊन लांब उभा ऱ्हायचो, आन्ना. तुमी कधी ऐकवलं न्हाय. मला त्यो ठेका लई आवडतो. मयतासाठी न्हाय. नुसता."

बाबुरावांनी ताट बाजूला सारलं. हात धुवायला उठून गेले.

आणि आता माझी सगळ्यात मोठी चूक. आवाज ठीक आलाय का एवढं बघा, असं लिहून त्या संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं आयोजकाला पाठवून दिलं. दोघांना विचारलं नाही. अर्जंट होतं ना.

रविवार, तिथंच

सकाळी आठला आयोजकाचा फोन. आनंदानं त्याचा आवाज चढला होता. "ताई, सोनं आहे! तो म्हातारा धावत येतो आणि 'कोण गेलं' ओरडतो ना, तिथं तर मी उभाच राहिलो. कार्यक्रमाची सुरुवात त्याच आवाजानं करू. आणि म्हाताऱ्यालाही आणा. धोतरात. भूकंपग्रस्त गावाची मरणाची हलगी, असं पोस्टरवर टाकू."

मी म्हटलं, "ते गाणं कसं वाटलं?"

"गाणं? हां, चांगलंय की. पण म्हाताऱ्याशिवाय काय, नुसतं संथ संगीत."

"हो," मी म्हटलं, "नुसतं संथ संगीतच आहे ते! तेवढ्यासाठीच मी आले होते!" आणि आणखी बरंच बोलले, जे माझ्या छापखान्यात छापत नाहीत. फाइल काढून टाका म्हटलं. त्यानं काढली असं सांगितलं. माझा त्याच्यावर विश्वास नाही, आणि हे सगळं लिहायला बसले त्याचं एक कारण तेही आहे. एका धापा टाकणाऱ्या माणसाचा आवाज उद्या कुणी तुम्हाला स्टेजवरून ऐकवला, तर तो कुणाला न विचारता घेतलेला आहे आणि तो पाठवणारी मी आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

फोनवरचा माझा आवाज अंगणापर्यंत गेला होता. बाहेर आले तर तिघंही माझ्याकडं बघत होते.

"काय म्हनतो त्यो?" बाबुरावांनी विचारलं.

सांगणं भाग होतं. सगळं सांगितलं, पाठवल्याचंही. समीरनं तोंड फिरवलं. दत्ता ओट्यावर बसूनच राहिला. बाबुराव मात्र, मला वाटलं होतं तसे, चिडले नाहीत. किंचित हसले.

"म्हंजी पुन्यावरनं बी सांगावाच आला की."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. नानांवर मी काल केवढी तावातावानं धावून गेले होते! त्यांचा सांगावा अजून यायचा होता. पुण्याचा मी पिशवीतून घेऊन आले होते.

"दत्ता, तू सांग," समीर म्हणाला. "तुझ्यावर हाय. तू म्हनशील तर जाऊ." तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते स्टेज होतं ते, आणि त्याचा निर्णय त्यानं दत्तावर सोडला.

दत्तानं फार वेळ घेतला नाही. "न्हाय म्हनून कळवा, ताई. त्यांना गानं नगंच हाय."

मी कळवलं. चार शब्दांत. मग रेकॉर्डर बंद केला, बॅटऱ्या काढल्या आणि सगळं पिशवीच्या तळाशी ठेवलं. उमरग्याची एसटी दहाला होती. निघताना मी उगीच पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा मारत बसले.

तेवढ्यात बाबुराव आतून हलगी घेऊन आले. कालचीच, न तापवलेली. ओट्यावर बसले. दत्ताला म्हणाले, "काल तू वाजवलंस ते हळू न्हवतं."

"आन्ना?"

"लई घाई करतूस. मधली जागा भरू नगं. हात खाली आला की तितंच ऱ्हाऊ दे. ऐक."

आणि त्यांनी वाजवलं. एक ठोका. मी सवयीनं मोजायला लागले आणि सातवर सोडून दिलं. दुसरा ठोका आला तेव्हा मला वाटलं, माझ्या हेडफोनमधली सगळी मंडळी घाईत आहेत. ते दत्ताकडं बघत नव्हते, माझ्याकडं तर नाहीच. तीस वर्षं हातापासून दूर ठेवलेली वस्तू आपल्या जागी आहे की नाही, हे ते बघत असावेत. तिसऱ्या फेरीला समीरनं उठून गिटार घेतली. यंत्राला न जोडता, नुसत्या तारा. गाणं म्हटलं नाही, खालचा सूर धरून राहिला. दत्ता बापाच्या गुडघ्याशी बसून त्यांच्या मनगटाकडं बघत होता.

रस्त्यावर दोन-तीन माणसं थबकली. पांढऱ्या कपड्यांतले नानाही त्यांच्यात होते. बाबुरावांनी त्यांना बघितलं आणि वाजवणं थांबवलं नाही. त्यांच्या मनात होतं तितका वेळ वाजवलं. दहाची एसटी गेली. मग काठी खाली ठेवून त्यांनी हलगी दत्ताच्या मांडीवर ठेवली आणि रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यो ठेका आता तुजा. पायजे तवा वाजव. कुनी बोलवायला आलं तर मातर उटू नगंस."